जाळीच्या पिशवीबाबत मेहुण्यांना सविस्तर खुलासा

उलाडुला,
ईस्टरनंतरचा मंगळवार

आदरणीय मेहुणे श्री. लेस्टर यांस,

मर्व्हिनचा कोरड्या अंगाने आणि शांत चित्ताने नमस्कार. (दोन्ही मुद्दाम लिहिलं, कारण गेल्या महिन्यात मला दोन्हींची टंचाई होती.) तुमचा गुडघा कसा आहे? वल्मावहिनींचा खोकला थंडी पडायच्या आत जाईल अशी आशा आहे. तुमच्या पांबुल्याची कालवं यंदा भरली आहेत असं ऐकलं. धंदा मुलीच्या हाती दिलात, हे फार चांगलं केलंत. पण अजूनही पहाटे उठून तिच्या मागोमाग जाता आणि तिने लावलेले ट्रे पुन्हा नीट लावून येता, असंही ऐकलं. त्यात चूक काहीच नाही. काम नीट होत नसेल तर कुणीतरी ते पुन्हा करायलाच हवं, या मताचा मीही आहे, आणि घरात त्याची किंमत मोजतो आहे.

तुमचं पत्र पोचलं. हिवाळ्यात सांतो बेटावर स्कूबा करायला जायचं ठरतंय, आणि सामान न्यायला जाळीची पिशवी कुठली घ्यावी, 'तुला त्यातलं कळतं म्हणून विचारतो' असं तुम्ही लिहिलंत. हे वाक्य मी ग्लेनिसला दोनदा वाचून दाखवलं. ती भांडी पुसता पुसता एवढंच म्हणाली, "लेस्टरला कुणीतरी सांगायला हवं." काय सांगायला हवं, ते तिने सांगितलं नाही. तेव्हा मीच सांगतो. तुमची बहीण सध्या माझ्याबरोबर बुडी मारायला तयार नाही. घरात बोलणं आहे, चहा मिळतो, संध्याकाळी टीव्हीसमोर आम्ही एकाच कोचावर बसतो. पण पाण्याखाली मी आता तिचा जोडीदार राहिलेलो नाही. तुम्ही स्वतः पाणबुडे आहात, त्यामुळे हे किती गंभीर आहे ते वल्मावहिनींना तुम्हीच समजावून सांगाल. लग्नाचा जोडीदार एक वेळ दुसऱ्या खोलीत असला तरी चालतो. पाण्यातला हाताच्या अंतरावरच लागतो, कारण आपली हवा संपली तर त्याचीच घ्यायची असते. आजवर तिने माझ्याशिवाय आणि मी तिच्याशिवाय कुणाबरोबर पाण्यात पाय घातला नव्हता. आणि हे सगळं एका जाळीच्या पिशवीपायी झालं, असं तिचं म्हणणं. माझं म्हणणं खाली देतो; वाचा आणि तुम्हीच ठरवा.

पहिली गोष्ट म्हणजे पिशवी निवडणं हे काम दिसतं तितकं सोपं नाही. लोक दुकानात जातात, रंग बघतात, घेऊन येतात. मी तसा माणूस नाही. कॅराव्हॅनचे तंबू आणि बोटींची आच्छादनं शिवण्यात माझी हयात गेली, आणि ती विद्या मला कुठल्या शाळेने दिली नाही. फाटलेलं उसवून बघत आणि वाचनालयातली पुस्तकं घरी आणत मी शिकलो. (वाचनालयातल्या बाई मला अजूनही 'दोऱ्याचं पुस्तकवाले' म्हणून ओळखतात.) तेव्हा जाळी म्हटलं की मी तिचं भोक बघतो, धागा बघतो, शिवण एकेरी की दुहेरी ते बघतो, आणि शेवटी ती उलटी करून आतून बघतो, कारण कारागिराची लबाडी नेहमी आतल्या बाजूला असते. तुम्हाला जाळीबद्दल मी काय सांगावं? तुमची उमेदीची सगळी वर्षं कालवांच्या जाळ्यांत गेली. पण कालवं जाळीत मुकाट्याने पडून राहतात. स्कूबाचं सामान तसं नाही. त्याला बक्कलं असतात, पट्टे असतात, नळ्या असतात, आणि यातली प्रत्येक वस्तू दुसरीत अडकायला टपलेली असते.

तर मार्च महिन्यात आम्ही लॉर्ड हाऊ बेटावर जायचं ठरवलं. त्या बेटावर जाणारं विमान छोटं, आणि माणशी सामान चौदा किलो. आता रबरी वेटसूट, पायांच्या फिन, मास्क, जॅकेट आणि हवेचा रेग्युलेटर इथेच चौदा किलोंचा बराचसा निकाल लागतो. सूटकेस रिकामी असतानाच एवढी जड, की आपण नुसती हवा न्यायची आणि तिचं वजन भरायचं. म्हणून माझ्या डोक्यात आलं, सूटकेस हवीच कशाला? सगळं जाळीच्या पिशवीतच घालावं. पिशवी वजनाला काहीच नाही, परत येताना ओलं सामान त्यातच निथळतं, आणि बेटावर पाठीला लावून सायकलवरूनही नेता येते. हा विचार मला सुचला तेव्हा मी शिवणयंत्रावर होतो आणि आनंदाने एक शिवण वाकडी गेली. (ती मी नंतर उसवली.)

सगळं सामान गाडीत घालून आम्ही बेटमन्स बे गावी डेस्मंडच्या स्कूबाच्या दुकानात गेलो. सामान बरोबर का, असं ग्लेनिसने विचारलं. मी म्हणालो, पायाशिवाय बूट घेतो का आपण? डेस्मंडने तीन पिशव्या काढून दिल्या. पहिली लांबट, वर चेन असलेली. ती मी बाद केली, कारण चेन म्हणजे मिठाला राहायला घर. दुसरी हिरवी, बारीक जाळीची, तळाला जाड कापड, बाजूला झाकणाचा कप्पा, आणि ती सगळी घडी होऊन त्याच कप्प्यात जायची. ग्लेनिसला ती आवडली. मी तिला समजावलं, की तळाला कापड म्हणजे पाणी साठणार, साठलं म्हणजे कुबट वास येणार. ती म्हणाली, साठलं तर ओतून देऊ. आता हा काय युक्तिवाद झाला? ओतूनच द्यायचं तर बादलीच घेऊन जावी. तिसरी काळी, मोठ्या भोकांची, तोंडाशी दोरी, मागे दोन पट्टे. ना चेन, ना कापड, ना कप्पा. पाणी थांबायला कुठे जागाच नाही. मी प्रत्येकीत सामान भरलं, पाठीला लावलं, दुकानात दोन फेऱ्या मारल्या, डेस्मंडच्या मासे तोलायच्या काट्याला लटकवून बघितलं, आणि मग एक बादली पाणी मागितलं.

"मर्व्ह," डेस्मंड म्हणाला, "बॅग घेतोयस की घर?"

"घर घेताना एवढा वेळ लागला नव्हता," ग्लेनिस खुर्चीतून म्हणाली. तिच्या हातातलं मासिक संपलं होतं आणि आता ती त्यातल्या जाहिराती वाचत होती.

काळीच घेतली. घरी आणून न्हाणीघरात टबात बुडवली, लटकवली, घड्याळ लावलं. निचरा उत्तम. मग मागच्या अंगणात गवतावर वाळत घातली. (हे वाक्य लक्षात ठेवा, मी तेव्हा ठेवलं नाही.) तोंडाची दोरी बांधायला एक खास गाठ काढली, जुन्या खलाशांच्या गाठींच्या पुस्तकातून दोन गाठी घेऊन मी स्वतः तयार केलेली. ओढलं की घट्ट होते, हिसकलं की आणखी घट्ट होते. विमानतळावरच्या हमालांचा बापही ती सोडवणार नाही, असं मी ग्लेनिसला म्हणालो. ती म्हणाली, "आणि आपण?" मी हसलो. हसायला नको होतं, हे मान्य.

विमानतळावर पिशवी काट्यावर ठेवली, चौदाच्या आत भरली, आणि मी विजयी मुद्रेने मागे वळून पाहिलं. तेव्हा ध्यानात आलं, की रांगेतले सगळे जण पिशवीकडे बघताहेत. मोठ्या भोकांच्या जाळीचा एक गुण दुकानात तपासता येत नाही. तिच्यातून पाणी जातं, हवा जाते आणि नजरही जाते. वेटसूट आणि फिन यांच्या मधल्या जागा मी वाया घालवल्या नव्हत्या. तिथे माझ्या लोकरी विजारी होत्या, पोट साफ राहावं म्हणून सुकवलेल्या आलुबुखाराचं पाकीट होतं, आणि गरम पाण्याची पिशवी होती, जिला तुमच्या एनिडमावशीने मेंढीच्या तोंडाचं विणलेलं आवरण घातलं आहे. मेंढीचं तोंड बरोबर जाळीच्या भोकातून बाहेर आलं होतं.

"किती गोड!" काउंटरवरची मुलगी म्हणाली. "सर, हिला खिडकीची जागा देऊ का?"

ग्लेनिस माझ्यापासून थोडी दूर उभी राहिली आणि भिंतीवरचा नकाशा बघू लागली. नकाशा ऑस्ट्रेलियाचा होता; तिने तो पहिल्यांदाच पाहिला असं कुणालाही वाटलं असतं.

बेटावर उतरलो. तिथे बाहेरचं बी, माती, किडा-मुंगी येऊ नये म्हणून तपासणी असते, आणि ती करायलाच हवी. नियमाचा मी पहिला कैवारी. अधिकारी बाईंनी माझी पिशवी टेबलावर घेतली, चष्मा लावला, मग दुसरा चष्मा लावला. जाळीच्या गाठीगाठीत कुसळं रुतलेली होती. आमच्याच अंगणातली, कुंपणालगतच्या गवताची.

"सर, ही पिशवी कुठे वाळवली होती?"

"गवतावर."

"आणि मग गवतच घेऊन आलात होय?"

बाई स्वभावाने चांगल्या होत्या. त्यांनी चिमटा आणला आणि एकेक कुसळ काढून बशीत ठेवू लागल्या. हा चिमटा धरायची रीत चुकीची आहे, टोकाशी धरला तर कुसळ मोडत नाही, असं मी त्यांना सुचवलं. तेव्हापासून त्या आणखी सावकाश काढू लागल्या. बाकीचे प्रवासी गेले. राहिली एकच बाई, कारण तिच्या बुटांच्या खाचांत माती सापडली होती आणि ते घासायला नेले होते. ती मोज्यांवर येऊन बाकावर ग्लेनिसशेजारी बसली. बेरिल ऑसगुड, डबो गावची, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. ग्लेनिस तिला म्हणाली, "तुमचे बूट, माझा नवरा." त्यावर दोघी इतक्या हसल्या, की अधिकारी बाईंचा चिमटा थांबला. मला त्यात हसण्यासारखं काय होतं ते आजही कळलेलं नाही, पण मैत्री अशीच कशावर तरी जमते. बेरिलचं सगळं स्कूबाचं सामान, लेस्टर, तुम्हाला खरं वाटणार नाही, लोकरीचे कपडे धुवायच्या यंत्रात टाकतात ना, त्या पांढऱ्या जाळीच्या थैलीत होतं. वर गुलाबी फीत. मी तिला शिवण दाखवायला सांगितलं. एकेरी होती. मी नुसती ग्लेनिसकडे बघून मान हलवली.

अधिकारी बाईंनी तपासताना पिशवी तळापर्यंत उपसली होती आणि पुन्हा स्वतःच नीट भरून दिली. आता 'नीट' म्हणजे त्यांच्या मते नीट. तुम्ही जाणताच, की बोटीवर न्यायची पिशवी उलट्या क्रमाने भरतात. जे आधी लागणार ते सगळ्यात वर. वेटसूट वर, फिन तळाला. बाईंनी साधी माणसं भरतात तशी भरली, जड आणि मोठं खाली, किरकोळ वर. म्हणजे माझा वेटसूट तळाशी, आणि वर आलुबुखार. मी गाठ मारली. संध्याकाळी लॉजवर ग्लेनिस म्हणाली, "एकदा उपसून बघ ना, सकाळी बोटीवर धांदल नको." तिचं म्हणणं योग्य होतं, हे मी इथे मोकळेपणाने लिहितो, पण गाठ इतकी सुरेख बसली होती, की ती मोडायला मन होईना. शिवाय एखादं कुसळ राहिलं असेल तर बेटाचं नुकसान नको, म्हणून मी गाठीसकट अख्खी पिशवी लॉजच्या धुण्याच्या टाकीत बुचकळून काढली आणि बाहेर खुंटीला टांगली. (खुंटीला, गवतावर नाही. एकदा शिकलो की मी विसरत नाही.)

नायलॉनची दोरी ओली होऊन गाठीत घट्ट आवळते, हे मला माहीत होतं. किती आवळते, हे दुसऱ्या दिवशी बोटीवर कळलं.

बोटीचा कप्तान डार्सी, माणूस उमदा पण घाईचा. लाटा मोठ्या, बोट डावी-उजवी डोलतेय, पलीकडच्या खडकापाशी पाणी थोडाच वेळ शांत असतं आणि तेवढ्यात उतरायचं. ग्लेनिसचं सामान तिच्या हातातल्या टोपलीत होतं; ती तयार झाली. बेरिलने गुलाबी फीत ओढली आणि ती तयार झाली. मी गाठीशी बसलो. बोटांनी सुटेना, दातांनी सुटेना. शेवटी जाळीच्या भोकातून हात घालून वेटसूट खालून ओढायला गेलो, तर फिनचं बक्कल जाळीत अडकलं आणि सबंध पिशवी माझ्या मनगटावर लटकली. मेंढीचं तोंड पुन्हा बाहेर.

"मर्व्ह, दुकान मांडलंयस काय रे?" डार्सी ओरडला.

"गाठ आहे," मी म्हणालो.

"चाकू देऊ?"

चाकू! लेस्टर, तुम्हीच सांगा, स्वतः बांधलेली गाठ कुणी कापतं? गाठ सुटत नव्हती, हा तिचा दोष नव्हता. तेच तर तिचं काम होतं. मी चाकू नाकारला. डार्सीने पाण्याकडे पाहिलं, मग ग्लेनिसकडे. ती बिचारी उन्हात काळ्या रबरात गळ्यापर्यंत बंद, तोंड टोमॅटोसारखं लाल. बेरिलला जोडीदार नव्हताच. तिला डार्सीबरोबर जायचं होतं. तो म्हणाला, "तुम्ही दोघी जोडीने उतरा, याचं काय ते मी बघतो." ग्लेनिसने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "जाऊ का?"

या प्रश्नावरच सगळा वाद आहे. ती म्हणते, मी तिला घालवलं. मी फक्त एवढंच म्हणालो, "जा जा, माझं होतच आलंय." वरही पाहिलं नाही, असं ती म्हणते. वर कसं पाहणार? गाठीचा एक पीळ नुकताच सैल झाला होता. मग दोन वेळा पाणी उडाल्याचा आवाज आला आणि बोटीवर मी, डार्सी आणि गाठ उरलो.

गाठ सुटली. सुटलीच. मी आनंदाने ओरडलो, आणि त्याच क्षणी पाण्यात दोन डोकी वर आली आणि ती माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडत होती. त्यांना स्पॅनिश नर्तकी दिसली होती. तुम्हाला आठवत असेल, मी किती वर्षं त्या जिवाबद्दल बोलतोय: तळहातापेक्षा मोठी लालभडक समुद्री गोगलगाय, शंख नसलेली, आणि पोहताना कडा अशा हलवते की एखादीने घागऱ्याचा घेर उडवत नाचावं. बहुतेक रात्रीच बाहेर पडते. दिवसा दिसणं म्हणजे लॉटरीच. तिची चित्रं मी कात्रणं काढून ठेवली, ग्लेनिसला जेवताना तिच्याबद्दल इतकं सांगितलं की ती म्हणायची, "मर्व्ह, ती बया कोण, तिला एकदा घरीच बोलाव." आणि ती दिसली ती बेरिलबरोबर. शिडी चढून आल्यावरही दोघी एकमेकींचे हात धरून बोलत होत्या. ओल्या केसांनी ग्लेनिस माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "तू सांगायचास ना, अगदी तश्शीच होती रे." मी म्हणालो, "छान." वेटसूट माझ्या हातात होता. डार्सी म्हणाला की आता लाट वाढली, परत फिरायचं.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे पिशवी भरली. वेटसूट वर, क्रम बिनचूक, दोरीला साधा फास. अशी पिशवी त्या बेटावर कुणी पाहिली नसेल. पण बोटीवर ग्लेनिस म्हणाली, "आज मी बेरिलबरोबरच जाते. तू निवांत आवर, कुणी घाई करणार नाही." रागाने म्हणाली असती तर उत्तर देता आलं असतं. तिने प्रेमाने म्हटलं. मी डार्सीबरोबर उतरलो. तो मीटर बघायला आलेल्या माणसासारखा सारखा माझ्या हवेचा काटा बघत होता आणि मला त्याच्याशी काहीच बोलायचं नव्हतं. नाही तरी पाण्याखाली बोलता येत नाही म्हणा, पण ग्लेनिसबरोबर यायचं. एखादा मासा दिसला की ती माझं मनगट दोनदा दाबते. डार्सीने मनगट धरलं नाही, ते बरंच झालं. पण माझं मनगट सारखं वाट बघत होतं.

घरी आलो. पिशवी धुतली, गॅरेजमध्ये टांगली. बेरिलची पत्रं येतात, जाड लिफाफे असतात, आणि ग्लेनिस ती स्वयंपाकघरात उभ्याने वाचते आणि हसते. मी विचारलं, रविवारी बंदराच्या बाहेर एक बुडी मारू या का, पाणी स्वच्छ आहे. ती म्हणाली, "बघू." तुम्ही तिचे थोरले भाऊ, तिचं 'बघू' म्हणजे काय ते तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: दोष पिशवीचा नव्हता. काळी, मोठ्या भोकांची, दोरीची पिशवी ही तत्त्वतः सर्वोत्तम आहे, हे मत मी बदललेलं नाही आणि बदलणार नाही. परिस्थिती तिच्या विरुद्ध होती, एवढंच.

बाकी इकडे सगळं ठाकठीक. बंदरात किंगफिश येऊ लागलाय. वल्मावहिनींना माझा नमस्कार, आणि कालवांच्या ट्रेला माझा दुरून आशीर्वाद. तुमचा लोभ आहेच. या प्रकरणानंतरही तो तसाच राहावा, आणि शक्य झाल्यास त्यातला थोडा तुमच्या बहिणीपर्यंत पोचावा.

आपला,
मर्व्हिन ट्रान्टर

ता. क. १: तत्त्व एक आणि प्रवास एक. तुम्हाला सांतोला न्यायला डेस्मंडच्या दुकानातली हिरवी पिशवी घ्या. बारीक जाळी, तळाला कापड, झाकणाचा कप्पा. विमानात ती घडी करून सूटकेसच्या आत ठेवा आणि तिथे पोचल्यावर बाहेर काढा. जाळीत घालून सामान उघडं पाठवू नका. तळाला पाणी साठलं तर ओतून द्या. हे मी तुम्हाला कळवल्याचं ग्लेनिसला कळवायची काही गरज नाही.

ता. क. २: आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रात 'आम्ही दोघे रोज बुडी मारू' असं आहे. वल्मावहिनी घोट्याच्या वर पाण्यात जात नाहीत, हे सगळ्या किनाऱ्याला ठाऊक आहे. मग हे दोघे कोण? काल ग्लेनिस पासपोर्टची तारीख बघत होती. मी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही, पण मी जाळीच्या भोकाचं माप नजरेने सांगणारा माणूस आहे. एवढं मला दिसतं. लेस्टर, तुम्ही तिला नेऊ नका. उघड नाही म्हणू नका, ती दुखावेल. तुमचा कान दुखतोय असं सांगा. पाणबुड्याचा कान दुखला की कुणी पुढे प्रश्न विचारत नाही. मग तिकीट काढलेलं, पासपोर्ट तयार, आणि जोडीदार नाही, अशा वेळी घरात एक जण रिकामा आहे हे तिच्या आपोआप लक्षात येईल. डावा कान सांगा, उजव्यापेक्षा तो जास्त खरा वाटतो.

ता. क. ३: वरचं ता. क. रद्द समजावं. मी टपालाचं तिकीट शोधायला कपाटाशी गेलो तेवढ्यात ग्लेनिसने पत्र वाचलं. सगळं. मग ती गॅरेजमधून सामानासकट माझी काळी पिशवी घेऊन आली, स्वयंपाकघरात जमिनीवर उपडी केली आणि म्हणाली, "भर." मी भरली. ती म्हणाली, "आता काढ, आणि वर बघत बघत काढ. माझ्याकडे." हे फार अवघड आहे, लेस्टर, करून पाहा. फिन तिच्या पायावर पडली, मास्क टेबलाखाली गेला, पण मी वर बघत राहिलो. तिसऱ्या वेळेला ती हसली आणि खाली बसून माझं मनगट दोनदा दाबलं. मी म्हटलं, काय दिसलं? म्हणाली, "एक मोठा खेकडा, हट्टी जातीचा." तर मी सांतोला येतोय. अट एकच, गाठ मारायची नाही, आणि ती मी मान्य केली हे तुम्हाला लेखी कळवायचं तिने सांगितलंय, म्हणून कळवतो. आता पाण्यात आपण तिघं होऊ. तिघांचा गट नियमात बसतो, मी पुस्तकात पाहिलं. पण त्याच पानावर असंही दिलंय, की तिघांत दोघांची नजर एकमेकांवर राहते आणि एक जण मागे पडतो. तो कोण असेल हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवणं बरं. म्हणून म्हणतो, त्या डाव्या कानाचा जरा शांतपणे विचार करा. नाहीतरी या वयात कुठे ना कुठे थोडंफार दुखतंच.